क्वाड्रिल : परक्या नृत्याचे आपलेपण

प्रास्ताविक

माणूस एका देशातून दुसऱ्या देशात जातो तेव्हा त्याची भाषा, त्याचे अन्न, त्याची गाणी आणि नृत्येही त्याच्याबरोबर जातात. परंतु ज्याला बांधून, जहाजाच्या तळघरात कोंबून नेले जाते, त्याला बरोबर काय नेता येते? आफ्रिकेतून अमेरिका खंडात आणि कॅरिबियन बेटांवर गुलाम म्हणून नेलेल्या लाखो माणसांपुढे हा प्रश्न उभा होता. त्यांची वाद्ये मागे राहिली, नावे बदलली गेली, भाषा तुटल्या. त्यांच्या शरीरात मात्र एक लय शिल्लक होती. ती लय त्यांनी मालकांच्याच नृत्यात मिसळली. या पाठात 'क्वाड्रिल' नावाच्या एका युरोपीय नृत्याचा असा प्रवास सांगितला आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हाला
• क्वाड्रिल या नृत्याची रचना सांगता येईल;
• गुलामगिरीच्या काळात या नृत्याचे रूप कसे व का बदलले, हे स्पष्ट करता येईल;
• वेगवेगळ्या बेटांवरील क्वाड्रिलमधील साम्य व भेद सांगता येतील;
• 'परकी संस्कृती' आणि 'आपली संस्कृती' या कल्पनांविषयी स्वतःचे मत मांडता येईल.

मूळ पाठ

चार जोड्यांचा चौरस

अठराव्या शतकातील फ्रान्समध्ये क्वाड्रिल आकाराला आले. शब्दाचा मूळ अर्थ घोडेस्वारांची छोटी चौकोनी तुकडी असा होता. पुढे तो नृत्याला लागू झाला. चार जोड्या एका चौरसाच्या चार बाजूंना उभ्या राहतात. समोरासमोरच्या दोन जोड्या आधी नाचतात आणि उरलेल्या दोन जोड्या त्यांच्यामागून तेच पदन्यास करतात. नमस्कारासारखी लवून केलेली मानवंदना, जागांची अदलाबदल, हात धरून घेतलेली गिरकी, स्त्रियांनी एकमेकींचे हात धरून गुंफलेली साखळी, अशा हालचालींनी हे नृत्य पुढे सरकते.

संपूर्ण क्वाड्रिल पाच भागांचे असते. प्रत्येक भागाला 'आकृती' म्हणतात आणि प्रत्येक आकृतीचे संगीत स्वतंत्र असते. त्यांची फ्रेंच नावे गमतीदार आहेत. पहिलीचे नाव 'पांतालाँ' म्हणजे विजार, दुसरीचे 'लेते' म्हणजे उन्हाळा, तिसरीचे 'ला पूल' म्हणजे कोंबडी आणि चौथीचे 'पास्तूरेल' म्हणजे मेंढपाळीण. पाचवी समाप्तीची आकृती असते. सुमारे १८१५ मध्ये लंडनच्या 'ऑलमॅक्स' या उच्चभ्रूंच्या नृत्यगृहात क्वाड्रिल पोहोचले आणि पाहता पाहता साऱ्या युरोपात त्याची चलती झाली.

या नृत्यात शिस्तीला फार महत्त्व होते. पाठ ताठ, मान उंच आणि पावले हलकी असावी लागत. कोणती आकृती कोणत्या क्षणी सुरू होते हे ठाऊक असणे, हे सभ्यतेचे लक्षण मानले जाई. ज्याला क्वाड्रिल येत नाही तो वरच्या वर्गातला नव्हे, अशी समजूत होती. म्हणजेच हे नृत्य करमणुकीचे साधन तर होतेच, शिवाय कोण 'आतला' आणि कोण 'बाहेरचा' हे ठरवणारी एक रेघही होती.

ऊसमळ्यावरची नृत्यसभा

या काळात कॅरिबियन समुद्रातील बेटे युरोपीय राष्ट्रांच्या ताब्यात होती. मार्टिनिक, ग्वाडलूप आणि आजचा हैती हा प्रदेश फ्रेंचांकडे, जमैका इंग्रजांकडे, सेंट क्रॉय डॅनिश लोकांकडे आणि क्यूबा स्पेनकडे होता. सेंट लुशियासारखे छोटे बेट तर फ्रान्स व ब्रिटन यांच्यात वारंवार हातबदल होऊन अखेर १८१४ मध्ये ब्रिटिशांकडे स्थिरावले. या साऱ्या बेटांवर उसाचे मळे होते आणि मळ्यांवर राबणारी माणसे आफ्रिकेतून आणलेली गुलाम माणसे होती.

मळेवाल्यांना युरोपातील थाट हवा होता. त्यांच्या वाड्यांत नृत्यसभा भरत. तिथे वाद्ये वाजवायला मात्र बहुधा गुलामांनाच उभे केले जाई. व्हायोलिन, बासरी, डफ वाजवणाऱ्या या कृष्णवर्णीय वादकांनी क्वाड्रिलचे संगीत कानांनी उचलले. पंखा घालणाऱ्या, पेय आणून देणाऱ्या नोकरांनी पावले डोळ्यांनी टिपली. दिवाणखान्यातले नृत्य अशा रीतीने मागच्या अंगणात आणि तिथून गुलामांच्या झोपड्यांपर्यंत पोहोचले.

या प्रसाराला आणखी एक कारण होते. मालकांना ढोलाची भीती वाटे. दक्षिण कॅरोलिनात १७३९ मध्ये स्टोनो येथे गुलामांनी उठाव केला, तेव्हा ढोल वाजवत ते पुढे निघाले होते. दुसऱ्याच वर्षी तिथल्या कायद्याने गुलामांना ढोल वाजवण्यास मनाई केली. फ्रेंच वसाहतींतही १६८५ च्या संहितेने वेगवेगळ्या मालकांच्या गुलामांना एकत्र जमण्यास बंदी घातली होती. व्हायोलिनवर मात्र कोणाचा आक्षेप नव्हता. मालकाला त्या तारांतून आपल्या देशाची सुरावट ऐकू येई, गुलामाच्या हाताला मात्र त्या तारांत ढोलाचा ठेका सापडे.

सॉलोमन नॉर्थप याची कहाणी या संदर्भात लक्षात ठेवण्यासारखी आहे. तो न्यूयॉर्क राज्यातील स्वतंत्र कृष्णवर्णीय नागरिक होता आणि उत्तम व्हायोलिन वाजवत असे. १८४१ मध्ये वादनाचे काम देतो असे सांगून दोघांनी त्याला वॉशिंग्टनला नेले. तिथून तो लुइझियानात गुलाम म्हणून विकला गेला. बारा वर्षांनी, १८५३ मध्ये सुटका झाल्यावर त्याने आपले अनुभव पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. त्याच्या हातातील व्हायोलिनची दोन रूपे त्या पुस्तकात दिसतात. नाताळच्या थोड्या मोकळ्या दिवसांत त्याच्या वादनावर गुलाम माणसे मनापासून नाचत. पण दिवसभर कापूस वेचून थकलेल्या त्याच माणसांना मद्यधुंद मालक रात्री वाड्यात बोलावी आणि हातात चाबूक घेऊन नाचायला लावी. तेव्हाही व्हायोलिन नॉर्थपच वाजवत असे. एकाच वाद्यावर, त्याच माणसांचे नाचणे कधी विसावा होते, तर कधी शिक्षा. गुलामगिरीतील नृत्याचा विचार करताना या दोन्ही बाजू नजरेआड करता येत नाहीत.

पाठगत प्रश्न
१. क्वाड्रिलमध्ये किती जोड्या असतात आणि त्या कशा उभ्या राहतात?
२. मालकांनी ढोलाला मनाई केली, पण व्हायोलिनला केली नाही. असे का?

पुकारणारा आवाज

युरोपात नर्तकांनी आकृत्या आधीच शिक्षकाकडून पाठ केलेल्या असत. अमेरिकेत मात्र एक नवी भूमिका तयार झाली. वाद्यवृंदातील एक जण पुढची हालचाल मोठ्याने पुकारू लागला. वास्तुविशारद बेंजामिन लॅट्रोब याने १८१९ मध्ये न्यू ऑर्लीन्सच्या एका नृत्यसभेचे वर्णन लिहून ठेवले आहे. वादकांच्या सज्जात उभा असलेला एक उंच कृष्णवर्णीय माणूस डफ वाजवत होता आणि प्रत्येक आकृती बदलताना ओरडून तिचे नाव सांगत होता. लॅट्रोबला तो आवाज मुळीच आवडला नाही. आज मात्र ती नोंद मोलाची ठरली आहे. अमेरिकेतील गोऱ्या शेतकऱ्यांचे म्हणून ओळखले जाणारे 'स्क्वेअर डान्स' हे नृत्य अशाच पुकाऱ्यावर चालते. हा पुकारा कृष्णवर्णीय वादकांच्या प्रथेतून आला असावा, असे आता अनेक अभ्यासक मानतात.

एक जण हाक देतो आणि सर्वांनी मिळून तिला उत्तर द्यायचे, ही पश्चिम आफ्रिकेतील गायनाची जुनी रीत आहे. क्वाड्रिलमध्ये हाक आवाजाची राहिली आणि उत्तर पावलांनी दिले जाऊ लागले.

ग्वाडलूप बेटावर या पुकारणाऱ्याला 'कोमांदर' म्हणतात. त्याच्याशिवाय तिथले क्वाड्रिल सुरूच होत नाही. तो क्रेओल व फ्रेंच भाषांत ठेक्यावर शब्द टाकत जातो, नर्तकांना पुढे बोलावतो, मागे पाठवतो, चेष्टाही करतो. त्याचे बोलणे हेच एक तालवाद्य होऊन जाते. या शब्दाला एक जुनी जखम चिकटलेली आहे. फ्रेंच ऊसमळ्यांवर गुलामांच्या टोळीकडून चाबकाच्या धाकाने काम करवून घेणाऱ्या मुकादमालाही हेच नाव होते. शेतात ज्या नावाची धास्ती होती, तेच नाव नृत्याच्या मांडवात आनंदाचा हुकूम देणाऱ्याला मिळाले. हुकूम तसाच राहिला, पण तो देणारा आता आपल्यातलाच होता आणि पाळणारे स्वेच्छेने पाळत होते.

पाऊल बदलले

गुलामगिरी कायद्याने संपली, पण सर्वत्र एकाच वेळी नव्हे. ब्रिटिश वसाहतींत १८३३ चा कायदा आणि त्यानंतरची सक्तीची उमेदवारी संपून १८३८ मध्ये पूर्ण मुक्ती आली. फ्रेंच व डॅनिश बेटांवर ती १८४८ मध्ये, अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १८६५ मध्ये आणि क्यूबात १८८६ मध्ये आली. मुक्त झालेल्या लोकांनी क्वाड्रिल टाकून दिले नाही. उलट ते अधिक उत्साहाने नाचू लागले. ढोलावरच्या नृत्याला चर्च आणि सरकार 'रानटी' म्हणून नाके मुरडत. क्वाड्रिल मात्र प्रतिष्ठित होते. स्वच्छ इस्त्रीचे कपडे घालून, जोडीदाराला आदराने लवून मानवंदना देणे, यात माणूस म्हणून मिळालेल्या मानाची खूण होती. ज्यांना काल नावानेही कोणी हाक मारत नव्हते, ते आज एकमेकांना सभ्य स्त्री-पुरुषांसारखे वागवत होते.

या नृत्याचे बाह्य रूप युरोपीय राहिले तरी आतले चलन बदलत गेले. युरोपीय नर्तक जमिनीपासून वर उचलल्यासारखा, ताठ नाचतो. इथल्या नर्तकाचे गुडघे किंचित वाकलेले, पाऊल जमिनीला धरून आणि कंबर मोकळी असते. व्हायोलिन सुरावट सांभाळते, तर खुळखुळा, खवणी आणि ढोल निरनिराळ्या ठेक्यांची वीण घालतात. आरंभीच्या आकृत्या संयत असतात. शेवटाकडे वेग वाढतो, बांधीव पावले सैल होतात आणि प्रत्येकाला आपले कौशल्य दाखवण्याची मोकळीक मिळते. जमैकात पाच आकृत्यांना पुढे आणखी एक जोडली गेली आणि तिच्यासाठी 'मेन्टो' हे तिथले देशी संगीत वाजू लागले. चौरसाच्या चौकटीतच नर्तकांनी स्वतःसाठी जागा केली.

बेटागणिक नवे रूप

जमैकात क्वाड्रिलच्या दोन पद्धती आहेत. 'बॉलरूम' पद्धतीत चार जोड्यांचा मूळचा चौरस जपलेला आहे. 'कॅम्प' पद्धतीत स्त्री-पुरुषांच्या दोन लांब रांगा समोरासमोर उभ्या राहतात आणि नृत्य अधिक मोकळे असते. साथीला व्हायोलिन, बँजो, गिटार आणि 'रुंबा बॉक्स' असतो. रुंबा बॉक्स ही एक मोठी लाकडी पेटी असून तिच्यावर बसवलेल्या धातूच्या पट्ट्या छेडून खर्जाचा सूर काढतात.

डॉमिनिका बेटावर अशा वाद्यमेळाला 'जिंग पिंग' म्हणतात. त्यात अकॉर्डियन, उथळ ढोल, घासून वाजवायचे धातूचे वाद्य आणि 'बूमबूम' नावाची फुंकून वाजवायची पोकळ नळी असते. विकत घेण्याच्या वाद्यांऐवजी हाताशी आलेल्या बांबू आणि पत्र्यातून लोकांनी आपला वाद्यवृंद उभा केला.

क्यूबात घडले ते आणखी वेगळे. १७९१ नंतर हैतीत गुलामांनी क्रांती केली, तेव्हा तिथले अनेक फ्रेंच मळेवाले आपल्या गुलामांसह पूर्व क्यूबात पळून गेले. त्या गुलामांच्या वंशजांनी 'तुंबा फ्रान्सेसा' ही परंपरा निर्माण केली. तिच्यातील 'मासोन' हे जोडीनृत्य फ्रेंच दिवाणखान्यातील नृत्याच्या धर्तीवर आहे. स्त्रियांचे लांब घोळदार झगे, पुरुषांची अदब, जोड्यांची मांडणी सारे त्याच थाटाचे असते. साथीला मात्र व्हायोलिन नाही. मोठे ढोल, काठ्यांनी बडवायचे लाकडी वाद्य आणि खुळखुळे एवढ्यावरच ते नृत्य चालते. युनेस्कोने २००३ मध्ये या परंपरेचा मानवजातीचा अमूर्त वारसा म्हणून गौरव केला.

उत्तर अमेरिकेतही कृष्णवर्णीय कलावंतांनी या संगीतावर ठसा उमटवला. फिलाडेल्फियाचा फ्रान्सिस जॉन्सन (१७९२–१८४४) हा कृष्णवर्णीय वादक व रचनाकार श्रीमंतांच्या नृत्यसभांसाठी संगीत रचत असे. त्याच्या नृत्यरचना १८१८ मध्ये छापून प्रसिद्ध झाल्या. देशात गुलामगिरी चालू असतानाच, १८३७ मध्ये तो आपला वाद्यवृंद घेऊन इंग्लंडला गेला. पुढे न्यू ऑर्लीन्समध्ये जॅझ संगीताचा उदय झाला तेव्हाही क्वाड्रिलच्या सुरावटी हवेत होत्याच. पियानोवादक जेली रोल मॉर्टन याने १९३८ मध्ये अमेरिकन काँग्रेसच्या ग्रंथालयासाठी केलेल्या ध्वनिमुद्रणात, 'टायगर रॅग' ही प्रसिद्ध रचना एका जुन्या क्वाड्रिलमधून कशी घडली, ते एकेक भाग वाजवून दाखवले. त्याच्या या दाव्याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. तरीही त्या शहरातील वादकांच्या कानात क्वाड्रिल किती मुरले होते, ते यावरून कळते.

पूर्वजांना बोलावणारे क्वाड्रिल

या साऱ्या रूपांतरांत सर्वांत विस्मयकारक रूप माँट्सरात या छोट्या बेटावर दिसले. तिथे 'जंबी नृत्य' नावाचा एक विधी होता. जंबी म्हणजे मृत पूर्वजांचे आत्मे. घरात कोणी दीर्घकाळ आजारी असेल, लागोपाठ संकटे येत असतील किंवा एखादा मंगल प्रसंग असेल, तर हे नृत्य ठेवले जाई. पूर्वजांसाठी अन्नाचे ताट बाजूला काढून ठेवत. मग चार जोड्या उभ्या राहत आणि क्वाड्रिल सुरू होई.

एक संच दमला की दुसरा उभा राही. ढोलाचा वेग वाढत जाई. रात्र चढल्यावर एखाद्या नर्तकाच्या अंगात संचार होई आणि त्याच्या तोंडून पूर्वज बोलत आहेत, असे जमलेले लोक मानत. संकटाचे कारण व उपाय त्यातून कळतो, अशी श्रद्धा होती. पॅरिसच्या झुंबरांखाली जन्मलेले नृत्य इथे मृतांशी बोलण्याचे माध्यम झाले होते. ज्यांना पूर्वजांच्या भूमीपासून तोडले होते, त्यांनी तोडणाऱ्यांच्याच नृत्यातून पूर्वजांकडे जाणारी वाट काढली.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा विधी क्षीण होत गेला. त्यातच जुलै १९९५ मध्ये तिथला ज्वालामुखी जागा झाला. १९९७ पर्यंत प्लिमथ ही राजधानी राखेखाली गाडली गेली आणि निम्म्याहून अधिक रहिवाशांना बेट सोडावे लागले. नृत्य टिकायला नर्तक तर हवेतच, पण ते ज्या गावात, ज्या नात्यांत नाचले जाते तो समाजही एकत्र राहावा लागतो, हे या घटनेवरून ध्यानात येते.

मद्रासचे कापड

क्वाड्रिलच्या पोशाखात भारताचा एक धागा आहे. सेंट लुशिया, डॉमिनिका, मार्टिनिक, ग्वाडलूप या बेटांवरील स्त्रिया नृत्याच्या वेळी चौकटीच्या रंगीत सुती कापडाचा डोक्याला रुमाल बांधतात. काही ठिकाणी घागराही त्याच कापडाचा असतो. या कापडाला तिथे 'मद्रास' असेच म्हणतात. आजच्या चेन्नईच्या परिसरातील विणकरांनी विणलेले हे कापड युरोपीय व्यापारी कंपन्यांच्या जहाजांतून तिथवर पोहोचले. जमैकात त्याच चौकटीच्या कापडाला 'बंडाना' म्हणतात. हा शब्द आपल्या 'बांधणी'शी नाते सांगणारा आहे.

या धाग्याची दुसरी बाजू दुःखद आहे. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर माणसे विकत घेताना मोबदल्यात जो माल दिला जाई, त्यात भारतीय सुती कापड हा एक प्रमुख माल होता. ज्या कापडाने पूर्वजांची किंमत मोजली गेली, तशाच कापडाचा रुमाल वंशज आज अभिमानाने मिरवतात.

लुइझियानात तर १७८६ मध्ये गव्हर्नरने कृष्णवर्णीय व मिश्रवंशीय स्वतंत्र स्त्रियांना केस झाकण्याचा हुकूम काढला होता. त्यांनी गोऱ्या स्त्रियांसारखे नटू नये, हा त्यामागचा हेतू होता. त्या स्त्रियांनी हुकूम पाळला, पण तो असे झळकणारे रंगीत रुमाल आणि दागिने वापरून पाळला की, तो रुमालच सौंदर्याचे चिन्ह झाला. क्वाड्रिलचे जे झाले, तेच या रुमालाचेही झाले.

आपले की परके?

विसाव्या शतकात बेटे एकामागून एक स्वतंत्र होऊ लागली. जमैका १९६२ मध्ये, डॉमिनिका १९७८ मध्ये आणि सेंट लुशिया १९७९ मध्ये स्वतंत्र झाला. स्वतंत्र राष्ट्राला आपली ओळख हवी असते. तेव्हा प्रश्न उभा राहिला, की क्वाड्रिल आपले म्हणावे काय?

एक बाजू म्हणत होती की हे मालकांचे नृत्य आहे. ते नाचणे म्हणजे गुलामीच्या काळातील नक्कल पुढे चालवणे होय. आपली खरी परंपरा ढोलाची आहे. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की, जे नृत्य आपल्या पणज्यांनी पाच-सहा पिढ्या नाचले, ज्यात आपली भाषा, आपला ठेका आणि आपले शरीर मिसळले, ते आता मूळ मालकाचे उरले कुठे? फ्रान्समध्ये क्वाड्रिल केव्हाच विसरले गेले. जिवंत राहिले ते इथे.

सेंट लुशियाचे उदाहरण या वादावर प्रकाश टाकते. तिथे या नृत्याला क्रेओल उच्चाराने 'क्वाद्रिल' म्हणतात. एखाद्याच्या घरी संध्याकाळी मंडळी जमत. व्हायोलिन, बँजो, गिटार आणि 'चाकचाक' हा खुळखुळा यांच्या साथीने चार आकृत्या नाचल्या जात आणि शेवटी 'लाकोमेत' हे तिथले जोडीनृत्य होई. पावले नेमकी टाकावी लागत. शिकल्याशिवाय त्यात उतरणे शक्य नसे आणि चूक झाली तर ती सर्वांना दिसे. संगीताच्या अभ्यासक जोसलिन गिल्बो यांनी १९८५ मध्ये अशा एका क्वाद्रिल संध्याकाळीचे तपशीलवार विवेचन प्रसिद्ध केले. नृत्याच्या निमित्ताने माणसे एकमेकांशी कसे वागतात, मान कसा देतात आणि मिळवतात, हे अशा अभ्यासातून स्पष्ट होते.

स्वातंत्र्याच्या आसपास हे नृत्य म्हाताऱ्यांपुरते उरले होते. तरुणांना ते जुनाट वाटे. १९७३ मध्ये स्थापन झालेल्या 'फोक रिसर्च सेंटर' या संस्थेने क्रेओल भाषा, गाणी आणि क्वाद्रिल यांची नोंद घेण्याचे व ती नव्या पिढीला शिकवण्याचे काम हाती घेतले. ऑक्टोबर महिन्यात साजऱ्या होणाऱ्या क्रेओल दिनी हे नृत्य आता रंगमंचावर दिसते.

रंगमंचावर आल्याने एक अडचणही निर्माण झाली. घरातले क्वाद्रिल सर्वांनी नाचायचे असे, रंगमंचावरचे काहींनी नाचायचे आणि बाकीच्यांनी पाहायचे असते. वेळ मोजून दिलेला असतो, पोशाख एकसारखे असतात, चुका होऊ दिल्या जात नाहीत. नृत्य वाचते, पण त्याच्याभोवतीची संध्याकाळ हरवते. म्हणून केवळ कार्यक्रमांवर विसंबून न राहता गावोगावच्या जाणत्या वादकांकडून व नर्तकांकडून ते प्रत्यक्ष शिकणे महत्त्वाचे ठरते.

समारोप

क्वाड्रिलची कहाणी केवळ एका नृत्याची नाही. ज्यांच्याकडून सर्व काही हिरावून घेतले गेले, त्यांनी हाती आलेल्या परक्या वस्तूचे काय केले, याची ती कहाणी आहे. त्यांनी ती वस्तू जशीच्या तशी उचलली नाही आणि फेकूनही दिली नाही. तिचा चौरस ठेवला, पण त्या चौरसात आपली लय, आपला आवाज आणि आपले पूर्वज आणून उभे केले. एखादी गोष्ट कुठे जन्मली, यावरून ती कोणाची हे पूर्णपणे ठरत नाही. ती कोणी जोपासली, कोणी बदलली आणि कोणाच्या सुखदुःखात ती सामील झाली, यावरूनही ते ठरते.

आजही ग्वाडलूपमध्ये अकॉर्डियनचा सूर लागतो, कोमांदर पहिली हाक देतो आणि चार जोड्या एकमेकींना लवून मानवंदना देतात. त्या लवण्यात आता कोणाची भीती नसते.

शब्दार्थ

पदन्यास – नाचताना पाऊल टाकण्याची पद्धत
मानवंदना – आदराने केलेले अभिवादन
उच्चभ्रू – समाजातील वरच्या थरातील लोक
सज्जा – उंचावरची गॅलरी
मुकादम – मजुरांकडून काम करवून घेणारा
संयत – आवर घातलेले, मर्यादेतील
अंगात संचार होणे – देव किंवा आत्मा शरीरात आल्याची भावना होणे
अमूर्त वारसा – नृत्य, गाणी, विधी यांसारखा, वस्तुरूप नसलेला वारसा

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) 'ला पूल' या आकृतीच्या नावाचा अर्थ काय?
(आ) डॉमिनिका बेटावरील वाद्यमेळाला काय म्हणतात?
(इ) 'तुंबा फ्रान्सेसा' ही परंपरा कोणत्या देशात आहे?

२. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) सॉलोमन नॉर्थपच्या अनुभवातून नृत्याच्या कोणत्या दोन बाजू दिसतात?
(आ) 'कोमांदर' या शब्दाचे दोन अर्थ सांगून त्यांतील फरक स्पष्ट करा.
(इ) मद्रासच्या कापडाचा क्वाड्रिलशी असलेला संबंध सांगा.

३. सविस्तर उत्तर लिहा.
क्वाड्रिल हे नृत्य सेंट लुशियातील लोकांचे 'आपले' म्हणता येईल काय? दोन्ही बाजूंचे मुद्दे मांडून तुमचे मत लिहा.

४. उपक्रम
तुमच्या परिसरातील एखादे वाद्य, पदार्थ, पोशाख किंवा खेळ बाहेरून आलेला असूनही आज आपला मानला जातो का, याची वडीलधाऱ्यांकडून माहिती मिळवा आणि ती दहा-बारा ओळींत लिहा.